अर्धी गादी

१

पिंजाऱ्याच्या घरात माणसाच्या शब्दापेक्षा गादीचा शब्द पक्का. माणूस झोपेचं सोंग घेईल, पाठ दुखत असून 'काय न्हाय' म्हणेल, पण त्याची गादी उन्हात पसरून वरनं तळहात फिरवला की सगळं कळतं. कोण डाव्या कुशीवर निजतो, कोण गुडघे पोटाशी घेतो, कुणाचं घरात पटत नाही. कोल्हापुरात रविवार पेठेतल्या बोळात लालासाब नदाफ हे असं सांगायचा आणि गिऱ्हाईक हसत हसत लाजायचं. त्याची बायको सुलतानबी बाजूला दाभण घेऊन खोळ शिवत असायची. तीस वर्षं शेजारी बसून तिच्या हातालाही ती विद्या आली होती.

आता लालासाबची छाती गेली होती. बंद खोलीत उभा जन्म कापूस पिंजला, त्याचं बारीक बारीक सगळं आत जाऊन बसलं. पिंजारी कापसाला पिंजतो आणि कापूस पिंजाऱ्याला, असं तो स्वतःच म्हणायचा, जेव्हा म्हणायचा तेव्हा. डॉक्टरनं दुखण्याचं लांबलचक नाव सांगितलं होतं. घरात त्याला नुसतं 'दम' म्हणत. गेल्या दिवाळीपासून त्याला आडवं होणं बंद झालं होतं. पाठ टेकली की विहिरीत पडल्यागत व्हायचं. म्हणून पलंगाच्या अलीकडच्या अंगाला, उशाच्या भिंतीला लावून तीन लोड रचलेले, आणि त्यांना टेकून लालासाब रातध्याड बसलेला. पलंग चांगला रुंद, दोघांचा. उरलेली, बाजूच्या भिंतीकडची अर्धी गादी सुलतानबीची. पण ती जवळ असली की वारं लागत नाही म्हणाला, म्हणून तिनं आपली वाकळ खाली घातली होती.

रोज सकाळी त्याला धरून खुर्चीत बसवायचं, गादी घरामागच्या परड्यात ओढत न्यायची, काठीनं बडवायची, ऊन द्यायचं. मग चहा. चहावर साय धरायची तरी कप तसाच.

दमाचं एक वेळ ठीक, दम मोजता येतो, ऐकू येतो. दुसरं जे झालं होतं त्याला घरात नाव नव्हतं. बोळातल्या पोरीबाळींनी कान झाकावेत अशा गोष्टी सांगणारा माणूस 'व्हय' आणि 'न्हाय' यांच्यावर आला होता. दाढी करू का म्हटलं तर न्हाय. रेडिओ लावू का तर न्हाय. लेक शहाजादी गडहिंग्लजहून नातू घेऊन आली, तर त्यानं नातवाकडं बघितलं आणि पुन्हा भिंतीकडं. सुलतानबी म्हणायची, दुखण्यानं माणूस चिडका होतो, त्यातलंच हे. पण तो चिडतसुद्धा नव्हता. चिडला असता तर तिला बरं वाटलं असतं.

२

श्रावणात एक दिवस उघडीप मिळाली. सुलतानबीनं गादी परड्यात पसरली, काठी उचलली आणि हात तिथंच थांबला.

तिच्या बाजूला, रिकाम्या अर्ध्या गादीत, खळगा पडला होता.

आधी तिला वाटलं टाका सुटला असेल. तिनं बसून तळहात फिरवला. डोक्याचा गोल. मग खांदे. मग पाठीच्या कण्याची उतरण, कमरेला जड, आणि पार शेवटाला दोन टाचा. उताणा, हातपाय सोडून निजलेला पुरुष माणूस. तिच्यापेक्षा वीतभर लांब.

सुलतानबी तिथंच मटकन बसली आणि रडली. दुःखानं नव्हे. गादी खोटं बोलत नाही. म्हणजे माणूस निजायला लागला होता. ती दिवसभराची दमलेली, पडली की दगड. तेवढ्यात हा हळूच सरकत असणार, पाठ टेकत असणार, आणि तिला जाग यायच्या आत पुन्हा उठून लोडाला. आपल्याला झेपतंय का ते चोरून बघत असेल. बाप्याची जात, पडला तर कुणाला दिसायला नको.

भिंतीपलीकडं शेजारची झुंबरबाई म्हशीची धार काढत होती. तिला हिनं लगेच सांगितलं.

"आक्का, निजायला लागलेत हे."

"चांगलं झालं की. त्यांनीच सांगितलं?"

"त्ये कशाला सांगत्यात? गादीनं सांगितलं."

झुंबरबाई चरवी घेऊन उठली. "तुमच्या पिंजाऱ्याचं एक येगळंच," म्हणाली, पण शेवयाच्या खिरीला लागेल एवढं दूध तिनं ओतलं.

खिरीची वाटी समोर ठेवल्यावर लालासाबनं विचारलं, "कशाची?"

"तुमी निजायला लागलाय म्हणून."

तो वाटीकडं बघत राहिला. व्हयही म्हणाला नाही, न्हायही म्हणाला नाही. खीर गार झाली. सुलतानबीनं मनाशी म्हटलं, लाजला.

३

दवाखान्यात जायचं ठरलेलंच होतं. टांगा बोळाच्या तोंडाशी उभा केला, तिथवर तिच्या खांद्याच्या आधारानं चालताना तो तीनदा थांबला.

डॉक्टर तरणा होता, पण घाई करणारा नव्हता. छातीला नळी लावून त्यानं बराच वेळ ऐकलं आणि विचारलं, "आडवं होता येतं का?"

"येतंय की, आता निजत्यात," सुलतानबी म्हणाली.

"न्हाय," लालासाब म्हणाला.

डॉक्टरनं दोघांकडं बघितलं. मग म्हणाला बघू, आणि त्याला टेबलावर सावकाश मागं झुकवायला लागला. पाठ पुरती टेकलीही नव्हती, तोवर लालासाबचे डोळे बाहेर आले, ओठ जांभळाच्या रंगाचे झाले, आणि त्यानं डॉक्टरचा डगला असा धरला की त्याची दोन बटणं तुटली. दम परत जाग्यावर यायला वेळ लागला.

"बाई, हे आडवे होत नाहीत," डॉक्टर म्हणाला. "होऊच शकत नाहीत. आणि होऊ देऊ पण नका. मागचे लोड काढायचे नाहीत, कळलं?" मग खुर्ची पुढं ओढून तो लालासाबला म्हणाला, "काका, मन कशात लागतं का?"

लालासाब खिडकीतून बाहेर बघत होता.

"या दुखण्यात असं होतं," डॉक्टर सुलतानबीला म्हणाला. "छाती बिघडते तसं मनपण बिघडतं. तो त्यांचा दोष नाही. बाहेर बसवा, चार माणसांत ठेवा, बोलतं ठेवा. गोळीइतकंच ते लागतं."

सुलतानबीनं मान डोलवली, पण तिचं अर्धंच लक्ष होतं. टांग्यात बसल्यावर तिनं विचारलं, "मग गादीत कोण निजतंय?"

टांगा बिंदू चौक ओलांडून गेला तेव्हा उत्तर आलं. एका श्वासाला एक शब्द, अशी त्याची बोलायची तऱ्हा झाली होती.

"मला... काय... म्हाईत."

तिला भीती वाटली ती नंतर, घरी आल्यावर, चुलीपुढं. आपण असलं विचारलं आणि या माणसाला नवल कसं वाटलं नाही, हे तिच्या तेव्हा ध्यानात आलं.

४

पिंजाऱ्याची बाई, ती दुसरा काय विचार करणार? तिनं कापसाला दोष दिला. कापूस मेला की गुठळी धरतो, एकीकडं बसतो, एकीकडं फुगतो. दिसायला माणूस दिसेल, पण असेल नुसता मेलेला कापूस.

तिनं खोळ उसवली. भिंतीवरची पिंजायची कमान खाली काढली, नाकातोंडाला पदर गुंडाळला आणि परड्याच्या पार टोकाला, त्याला धुरळा लागू नये अशा बेतानं, सगळा कापूस नव्यानं पिंजला. कमानीच्या तातीचा टणत्कार बऱ्याच दिवसांनी बोळात घुमला. चार माणसं डोकावून गेली. तिला वाटत होतं, निदान या आवाजानं तरी तो मान वळवील. बायकोच्या हातात कमान बघून एखादी शिवी देईल. खिडकीतनं तिला त्याचं डोकं दिसत होतं. ते हललं नाही.

पिंजलेला कापूस परत भरला, दुप्पट टाके मारले, गादी अशी टणक केली की वर पैलवान लोळवावा. आणि सकाळी खळगा तिथंच. आधीपेक्षा खोल. ताज्या पिंजलेल्या कापसात माणूस जास्तच रुततो, हे एवढ्या वर्षांच्या धंद्यात तिला कुणी सांगायला नको होतं, पण ऐन वेळी तिची अक्कल गहाण पडली होती.

त्याच दुपारी ती उंबऱ्यावर लसूण सोलत बसली होती. सहज आत बघितलं. लालासाब लोडाला टेकलेला, आणि त्याचा उजवा हात रिकाम्या बाजूला. तळहात खाली. तो हात सावकाश फिरत होता, डोक्याकडनं टाचेकडं.

"काय बघालाय?"

"माप."

"कुणाचं?"

"माझंच... हाय." मग थोडा दम घेऊन म्हणाला, "एक लोड काढ."

"डॉक्टरनं न्हाय म्हटलंय."

"बरं," तो म्हणाला. पण हात उचलला नाही.

५

त्यानंतर एकदा तो बोलला. शब्दाशब्दाला दम घेत, पण एवढं सलग तो वर्षभरात बोलला नव्हता. सुलतानबी त्याच्या पायाला तेल चोळत होती.

"सुलतान, मी दमलोय. श्वासानं न्हवं. सकाळ झाली की मला कटाळा येतोय. रोज हुती की, त्याचाच. तू चा आणतीस, लाज वाटती. तू गादी वडत नेतीस, लाज वाटती. हितं बसलं की सगळं अंगावर. तिकडं बघितलं की बरं वाटतंय."

"तिकडं काय हाय?"

"निजलंय की कोण तरी. निवांत. खोकत न्हाय. कुणाला भार न्हाय. मला नुसतं कलंडायचंय. जागा तापवून ठेवलीया."

"भार कोण म्हणालं तुमाला? मी म्हणालो? कधी म्हणालो?" कोल्हापुरी बाईमाणूस, रागाला आली की बोलण्यात बाप्याच. तेलाचा हात तसाच वर धरून ती त्याच्याकडं बघत राहिली.

"कोण न्हाय म्हणालं. मीच."

तिनं हात पुन्हा पायाला लावला. तेल संपलं तरी चोळत राहिली. तिला एवढंच कळलं की हा चाललाय, आणि आपण उंबऱ्यावर बसलोय तरी आपल्याला ओलांडून चाललाय. दम अडवायला गोळी होती. हे कशानं अडवायचं?

दुसऱ्या दिवशी ती नळावरनं आली तर एक लोड खाली जमिनीवर. तिनं तो पुन्हा रचला. चुलीवरची भाकरी उलथून आली तर पुन्हा खाली.

"तुमी ढकलला?"

"न्हाय."

आणि खरंच, ज्याच्या हातानं भरला कप उचलवत नव्हता, तो असा कापसानं ठासलेला लोड ओढून काढणार कुठला? मग ती असंही म्हणाली की घसरत असेल. खोळ गुळगुळीत आहे, पलंगाला उतार आहे. पायाखाली लाकडाची चीप सारून बघितली. लोड खाली येतच राहिले. आधी एक, मग दोन. ती रचायची, ते उतरायचे, आणि लालासाब रोज थोडा अधिक कलता.

६

त्या दिवशी नळाला पाणी उशिरा आलं. सुलतानबी घागर घेऊन घरात शिरली, दाराला आतनं कडी घातली आणि वळली.

दोन लोड खाली पडले होते. एकाच लोडावर लालासाब तिरका झाला होता, हनुवटी छातीला लागलेली, ओठ निळे. एक पाय त्यानं रिकाम्या बाजूला टाकला होता. तोंडावर मात्र एवढा आराम की तसा तिनं लग्नापासून बघितला नव्हता.

आणि त्याच्या शेजारी चादरीखाली कापूस हलला.

हात दिसला नाही, तोंड दिसलं नाही, काही दिसलं नाही. नुसता भिंतीकडचा कापूस दबला आणि अलीकडचा फुगून वर आला. पलंगावर दुसरं माणूस यायला लागलं की निजलेला असा सरकतो, त्याला जागा व्हावी म्हणून. तेवढंच झालं. मग सगळं निवांत.

घागर कधी खाली ठेवली ते तिला कळलं नाही. तिनं नवऱ्याला काखेत हात घालून उचललं. तो कापसाच्या गठ्ठ्याएवढाही भरला नाही. त्याला खुर्चीत बसवलं, पाठ सरळ केली. आणि मग तिनं जे केलं त्यात शहाणपण काही नव्हतं. एसटीत खिडकीतनं रुमाल टाकून जागा धरतात, तसलाच तो हिशेब. आपण जागा भरली की दुसरा कसा निजेल? शिवाय ती बाजू तिचीच होती. तीस वर्षं तीच निजली होती तिथं.

सुलतानबी पलंगावर चढली आणि आडवी झाली.

७

खळगा तिच्यापेक्षा लांब होता. पण ती निजली तसा तो आखडला आणि अंगाला बेतून बसला. गादी ऊबदार होती.

आधी पाठ सुटली. दाभण धरून धरून अवघडलेली मान सुटली. मग एक एक गोष्ट लांब जायला लागली. घागर उघडी आहे. असू दे. संध्याकाळचं पीठ मळायचंय. असू दे. शहाजादीचं दुसरं बाळंतपण, कमानीची सुटलेली तात, मागल्या परड्यातली वाळत घातलेली खोळ, सगळं पलीकडच्या बोळातलं, दुसऱ्या कुणाचं तरी. खुर्चीत एक माणूस धापा टाकत होता. तिला तो ऐकू येत होता, शेजारच्या घरातला असावा तसा. तो बिचारा आता फार दिवस काढणार नाही, हे तिला कळत होतं. आणि त्याचं तिला काही वाटत नव्हतं.

काही वाटत नाही, एवढंच वाटत होतं. म्हणजे हे असं असतं होय, वर्षभर हा माणूस इथंच होता होय, असा एक विचार येऊन गेला. त्याच्यामागनं दुसरा आला नाही.

"सुलतान."

ऐकू आलं.

"सुलतान... ऊठ."

उठते की, असं तिनं मनात म्हटलं. अंग हललं नाही. हलवावं असंही वाटलं नाही. तिच्या पाठीमागं, भिंतीच्या बाजूला, तिच्या अंगाला लागून, जागा भरलेली होती. ती गार नव्हती, कठीण नव्हती. वळून बघावं एवढीही तिला गरज वाटली नाही.

लालासाब खुर्चीतनं उठला. आधाराशिवाय तो कित्येक महिन्यांत उभा राहिला नव्हता. खुर्चीचा हात धरून, मग पलंगाची कड धरून, दोन पावलं टाकायला त्याला छातीतला होता नव्हता तेवढा वारा लागला. त्यानं तिचं मनगट धरलं आणि ओढलं. ती हलली नाही. त्यानं पुन्हा ओढलं. तो रडत होता, आणि रडायला दम पुरत नसल्यामुळं ते रडणं तुटक तुटक यायचं.

"ऊठ की गं... मला... चा पायजे. मला... भूक लागलीया. ऊठ."

भूक हा शब्द तिच्या कानात शिरला. वर्षभरात तो या घरात कुणी काढला नव्हता. तिनं एक पाय खाली सोडला, आणि दोघंही जमिनीवर कोसळली.

तिथंच बसून राहिली. तो तिच्या खांद्याला टेकून श्वास ओढत होता. समोर डोळ्याच्या पातळीला गादी. ती उठली तिथला खळगा सावकाश भरून वर येत होता, ताजा कापूस येतो तसा. तो भरला, सपाट झाला.

मग त्याच्यापलीकडं, भिंतीकडचा खळगा भरायला लागला. आधी डोक्याचा गोल वर आला. मग खांदे, मग पाठ. कमरेला जरा वेळ लागला. शेवटाला टाचा.

दोघांचा जन्म गाद्यांत गेलेला. निजलेला उठला की गादी अशी वर येते, हे एकमेकांना सांगायची गरज नव्हती. दाराला आतनं कडी तशीच होती.

"भाईर चल," लालासाब म्हणाला.

८

कट्ट्यावर अजून ऊन होतं. त्याला भिंतीला टेकवून सुलतानबी शेजारी बसली. दार त्यांनी उघडंच टाकलं होतं आणि तिकडं दोघांचीही पाठ होती.

झुंबरबाईनं बघितलं आणि चहा घेऊन आली. "लालाभाई, सूर्य कुणीकडं उगवला म्हणायचा?"

"तुझ्या... म्हशीला इचार," तो म्हणाला. मग चहाचा घोट घेऊन, "साखर... बाजारात महागली काय गं?"

झुंबरबाई हसत हसत साखर आणायला गेली. जाता येता माणसं थांबायला लागली. कुणी तब्येत विचारली, कुणी जुनी गादी भरायची म्हणून बोललं. लालासाब एकेक शब्द मोजून टाकत होता, पण टाकत होता. कुणाच्या तरी सासऱ्यावरनं त्यानं एक वात्रट बोल काढला आणि बोळ हसला. सुलतानबी पदर तोंडाला लावून बसली होती. तिला त्याचा श्वास ऐकू येत होता, शिट्टी वाजल्यासारखा, फाटका. तो तिला गोड लागत होता. मेला तरी इथं माणसांत मरेल, असं तिला वाटलं, आणि त्याच्या मागोमाग, पण आत्ता मरायचा नाही.

दिवेलागण झाली. माणसं पांगली. झुंबरबाई कपबशा घेऊन आपल्या घरात गेली. जाताना म्हणाली, "आत जावा आता, गारवा सुटलाय. छातीला बाधंल."

दोघांपैकी कुणी उठलं नाही.

मागं, घरात, जमिनीवरनं काहीतरी ओढल्याचा आवाज आला. जड, मऊ. ते वर उचलून ठेवलं गेलं. मग दुसरं. पलंग करकरला, कुणीतरी पाठ टेकून नीट सावरून बसावं तसा. सुलतानबीनं नवऱ्याकडं बघितलं. त्यानं तिचा हात धरला आणि नकारार्थी मान हलवली. वळायचं नाही, असं.

मग आत खोकला आला. बारका, कोरडा, शेवटाला शिट्टी वाजणारा. साऱ्या बोळाच्या ओळखीचा.

भिंतीपलीकडनं झुंबरबाईचा आवाज आला, "गेलासा आत? बरं झालं. खोकला ऐकू आला म्हणून म्हटलं."

कट्ट्यावर लालासाबनं सुलतानबीचा हात आणखी घट्ट धरला. "बोलू नको," तो अगदी हळू म्हणाला. "बसू दे त्याला."